बाबांना ऐकवायचं शिंग

मे महिन्यात, परभणी जिल्ह्यात, पत्र्याच्या छपराखाली मुलांचा कॅम्प भरवायची कल्पना ज्या डोक्यातून निघाली ते डोकं पुण्याचं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत कुत्रंसुद्धा रांजणाजवळची ओल सोडून उठत नाही.

युद्धाचं वर्ष होतं. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली होती आणि ज्याला जमेल तो आपली मुलं आतल्या मुलखात पाठवत होता. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, समाजातले पुण्याचे एक शिक्षक होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. ते दर उन्हाळ्यात समाजातल्या मुलांना घेऊन लोणावळ्याला जात, प्रार्थना शिकवत, गाणी म्हणून घेत, खेळ खेळवत. त्या वर्षी तिथली जागा मिळाली नाही. मग त्यांना आठवलं, की निजामाच्या रेल्वेत, गंगाखेडच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनावर आपल्यातला एक माणूस स्टेशनमास्तर आहे. तो माणूस म्हणजे माझे बाबा. बाबांना कुणाला नाही म्हणता येत नसे. हा त्यांचा मोठा गुण आहे असं आई चारचौघांत म्हणायची आणि घरात वेगळंच म्हणायची.

स्टेशनाला लागूनच कापसाचं जिन होतं. हंगाम संपला की ते बंद असायचं. बाबांनी मालकाला विचारून त्याची एक लांबलचक खोली मिळवली. भिंतींना सरकीचा वास, वर पत्रा, आणि दुपारी आत शिरलं की भाकरीला तव्यावर काय वाटत असेल ते कळायचं. पुण्या-मुंबईची मुलं गाडीतून उतरली, त्यांनी ती खोली पाहिली आणि त्यातली एक मुलगी रडायलाच लागली. मला तिचा राग आला. आम्ही इथं बारा महिने राहत होतो, आमच्यासाठी कुणी रडलं होतं?

तरीही मी त्या कॅम्पची महिनाभर वाट पाहिली होती, आणि त्याला कारण होतं. सरांनी बाबांना कळवलं होतं, की या खेपेला मुलं शोफार तयार करायला शिकतील. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. आमच्या नव्या वर्षाला, ज्याला घरात आम्ही नव्याचा सण म्हणत असू, ते मशिदीत फुंकतात. आमच्यात प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात. त्यामुळे आम्ही नेमके कोण याबद्दल गावात जो घोळ होता तो कधीच मिटला नाही. त्या दिवशी शोफार कानांनी ऐकायचंच, अशी आज्ञा आहे. आणि माझा जन्म झाल्यापासून बाबांनी ते ऐकलं नव्हतं. नव्याचा सण यायचा भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला, बाबा रजा मागायचे, आणि बदली माणूस नाही म्हणून रजा नामंजूर व्हायची. सणाच्या दिवशी आई चांदणीच्या आकाराच्या हलव्याच्या वड्या पाडायची, आम्ही नवे कपडे घालायचो, आणि बाबा जेवता जेवता मध्येच हात थांबवून गप्प बसायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "आता अलिबागेत वाजत असेल." अलिबाग म्हणजे बाबांचं गाव. बस, एवढंच.

म्हणून मला एक शिंग हवं होतं. आमच्या घरात राहणारं.

कॅम्प सुरू झाला. पहाटे उठून शेमा ही प्रार्थना म्हणायची, मग गोदावरीवर अंघोळ, मग न्याहारी, मग हिब्रू अक्षरं. फळा नव्हता, म्हणून सर कोळशानं जिनाच्या भिंतीवर अक्षरं काढायचे. उजवीकडून डावीकडे लिहिताना मुंबईच्या मुलांची तारांबळ उडायची. मी निजामी शाळेत पहिलीपासून उर्दू गिरवलेली. मला उजवीकडून सुरुवात करण्यात काय अवघड आहे तेच कळेना. माझी पाटी सगळ्यांच्या आधी भरायची. सर एकदाही शाबास म्हणाले नाहीत, पण मी "लय सोपं हाय की" म्हणाले तेव्हा मात्र सगळी खोली हसली. त्यानंतर मला सगळे "लय" म्हणूनच हाक मारायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी आई काळ्या मनुका भिजवून त्यांचं शरबत करायची आणि सर त्यावर आशीर्वाद म्हणायचे. शनिवार आमचा विसाव्याचा वार, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशीचं गार जेवण. मे महिन्यात ते जेवण टिकवायचं म्हणजे आईची कसोटी होती. शनिवारी चांदण्या दिसल्या की सब्जाची पानं हातोहात फिरवून हुंगायची आणि एलियाहू हन्नबी या आमच्या संदेष्ट्याचं गाणं म्हणायचं. ते गाणं मला फार आवडायचं. पण मांडी घालून बसले की कुणीतरी म्हणायचं, "लय, पाणी आण ना," आणि मी चिडून उठायचे. मी काय त्यांच्या पाण्यासाठी जन्मले होते?

शिंगं यायला उशीर झाला. नदीकाठी मेंढरं बसवणारा एक म्हातारा धनगर होता, त्याला बाबांनी सांगून ठेवलं होतं. तो एके सकाळी घोंगडीत बांधून शिंगं घेऊन आला आणि जिनाच्या ओट्यावर त्यानं ती ओतली.

"मास्तरांनी सांगितलं म्हणून आनली. काय करता ओ याचं?"

"वाजवायचं आहे," सर म्हणाले.

म्हातारा सगळ्या मुलांकडे बघून घेऊन म्हणाला, "एवढ्यासाठी? गंगाखेडच्या बाजारात पितळंची तुतारी भेटंल की. आन् शिंगच पायजे तर बैलाचं देतो, हे एवढालं!" त्यानं हात पसरून दाखवलं.

सर घाईघाईनं म्हणाले, की बैलाचं अजिबात चालत नाही, आमच्या पूर्वजांनी सोन्याचं वासरू पुजलं होतं, ते देवाला अजून आवडलेलं नाही. मी ते म्हाताऱ्याला आमच्या बोलीत समजावून सांगितलं. म्हातारा म्हणाला, "लय दिस धरून ठिवतो म्हना की तुमचा देव," आणि निघून गेला.

मग त्या शिंगांचं जे झालं ते आठवलं की अजून माझ्या हातांच्या मुठी वळतात. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, तो आधी काढावा लागतो. त्यासाठी शिंग उकळायचं. सरांनी हे पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात किती उकळायचं ते नसावं. जिनामागे चुलीवर घमेलं चढवलं, आणि असा वास सुटला की स्टेशनावरचा पोर्टर नाकाला उपरणं लावून विचारायला आला, काय मेलंय. एक शिंग उकळून उकळून पापुद्रे सुटून उललं. गाभा निघाल्यावर टोक कापायचं आणि तापवलेल्या सळईनं टोकातून आतल्या पोकळीपर्यंत भोक पाडायचं. पण शिंगाचं टोक भरीव असतं आणि वाकडं असतं, सळई मात्र सरळ. दोन शिंगांना कुशीतच भोक पडलं. मी म्हणाले, लाख लावून बुजवू. सर म्हणाले, बुजवलेलं शोफार धर्माला चालत नाही. एक शिंग वाक काढायला निखाऱ्यावर धरलं, ते करपलं. हे सगळं मुलगे करत होते. मुली पलीकडं बसून भेंडी चिरत होत्या. मी भेंडी चिरता चिरता ओरडत होते, "आरं, तिकडून नको, वाकडं जायलंय!" आणि कुणी ऐकत नव्हतं.

कुशीला भोक पडलेलं एक शिंग मी उचलून घेतलं, भोकावर बोट दाबलं आणि फुंकलं. मुलगे सकाळपासून फुंकून नुसती थुंकी उडवत होते. माझं वाजलं. मोठ्यानं, सलग वाजलं. नदीकडं गेलेली मेंढरंसुद्धा ओरडली म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, "छान. पण तुला त्याची गरज नाही, बाळ. ठेव ते."

गरज! मी ते ठेवलं नाही, आपटलं.

शेवटी एकच शिंग उरलं. ते मुंबईच्या एका उंच मुलानं केलं. खोटं कशाला बोलू, त्यानं ते फार जपून केलं. थोडंसं भोक पाडायचा, गार करायचा, काडी घालून अंदाज घ्यायचा, पुन्हा थोडंसं. ते सरळ गेलं. मग त्यानं ते विटेच्या चुऱ्यानं घासून गुळगुळीत केलं. पहिल्या दिवशी त्यातून फुस्स निघालं. मी त्याला ओठ कसे आवळायचे ते नदीवर, सरांच्या नजरेआड, दाखवलं. संध्याकाळपर्यंत त्याचं वाजलं. तो हसला आणि म्हणाला, "लय भारी ना, लय?" त्या वेळी मला त्या हाकेचा राग आला नाही.

कॅम्प संपायच्या आदल्या दिवशी आईनं मलिदा केला. पोहे, नारळ, साखर आणि वर फळं. ताटाभोवती बसून सगळ्यांनी एलियाहू हन्नबीचे आभार मानले. ताट फिरून झाल्यावर सर म्हणाले, की हे शोफार आता मुंबईला जाईल, मशिदीत ठेवलं जाईल आणि नव्याच्या सणाला या मुलाच्या हातून वाजेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या.

मी उभी राहिले. "ते इथं राहायला पाहिजे. बाबांनी जागा दिली, आईनं रांधलं, शिंगं बाबांनी आणवली. मुंबईत तर आधीच शोफार आहे."

सर रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "खरंय. पण तुमच्याकडे वाजवणार कोण?"

"मी."

"स्त्रीनं वाजवलेलं ऐकून पुरुषाची आज्ञा पुरी होत नाही, बाळ. आणि तुझ्या बाबांना फुंकता येत नाही, सूर कसे, किती, कुठल्या क्रमानं, ते माहीत नाहीत. इथं ते भिंतीवर टांगून राहील."

"मग ते शिकतील!"

बाबा म्हणाले, "राहू दे गं." माझी बाजू घ्यायची सोडून बाबा राहू दे म्हणाले! महिनाभर ज्यांच्यासाठी मी धुमसत होते, तेच राहू दे म्हणाले. मी ताटातल्या मलिद्याला हात लावला नाही. आईनं डोळे वटारले, तरी लावला नाही.

झोपायच्या आधी मी बाबांना म्हणाले, "निदान उद्या त्याला एकदा वाजवायला सांगा. तुम्ही ऐका." बाबा म्हणाले, सणाशिवाय ऐकलेलं आज्ञेत धरत नाहीत. मी म्हणाले, आज्ञेत नको धरू दे. तुम्ही ऐका. बाबांनी कंदिलाची वात बारीक केली. मग म्हणाले, "गाडीच्या आधी सांगतो त्याला."

पण सकाळी सामानसुमान, वळकट्या, दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी (आमच्यात ती एकत्र चालत नाहीत), एका मुलाचा बूट सापडेना, आणि बाबा ड्युटीवर. स्टेशनावर गर्दी नव्हती, पण काम बाबा आणि पोर्टर दोघांचंच. गाडी आली. मुलं चढली. मी डब्याच्या खिडकीशी जाऊन त्या उंच मुलाला म्हणाले, "वाजव. आत्ता. बाबांना ऐकव." सर आतून काहीतरी म्हणाले. मुलानं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यानं वळकटी सोडली, कपड्यांत गुंडाळलेलं शिंग शोधलं आणि खिडकीबाहेर काढलं. मी मागं वळून हाका मारल्या, "बाबा! बाबा, इकडं बघा!"

बाबांनी बघितलं. त्यांनी शिंग बघितलं, मुलाचे फुगलेले गाल बघितले, आणि त्याच वेळी त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी हिरवं निशाण हलवलं. इंजिननं शिट्टी दिली. लांबलचक, कर्कश, वर वाफेचा फुसकारा. मुलगा फुंकत होता, त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी खिडकीच्या अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. सलग, स्वच्छ, नदीवर वाजलं होतं त्याहून चांगलं. मग डबे एकामागून एक निघून गेले.

मी बाबांकडे धावत गेले. "अर्धा मिनिट थांबवायची होती! अर्धाच मिनिट! तुमच्याच हातात होतं ना निशाण?"

"गाडीची वेळ झाली होती," बाबा म्हणाले. निशाण गुंडाळत होते, पण ते नीट गुंडाळलं जात नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वाजलं का त्याचं?"

"वाजलं."

"कसं वाजलं?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी हाताची नळी केली, तोंडाला लावली आणि तो सूर काढायला गेले. पोर्टर हसायला लागला. बाबा हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली, दोन्ही पाय जुळवले आणि मान खाली घालून, प्रार्थनेला राहतात तसे, उभे राहिले. मी जीव खाऊन ओरडले, पण आवाज मध्येच फाटला, करडू ओरडावं तसा. मी पुन्हा काढला. पुन्हा फाटला.

"असा नव्हता," मी म्हणाले. "बाबा, अजिबात असा नव्हता."

बाबा तसेच मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "अजून एकदा काढ."