त्याने पवित्र शास्त्र परत केलं तेव्हा

प्रियजनहो, आज सकाळी वरठीला प्रकाशच्या घरी गेलो होतो. तो पोलाद कारखान्यात कामाला आहे. मागच्या आठवड्यात त्याची लहान मुलगी तापाने गेली.

दारातच त्याने मीच दिलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्या हातात ठेवलं. "घ्या भाऊ, ठेवा तुमच्यापाशी. भाऊबंद इचारते, तुह्या देवानं काय केलं? मी काय सांगू त्यायले?"

एरवी मला शब्द कमी पडत नाहीत. आज प्रवचन दिलं नाही. खाटेवर त्याच्याशेजारी बसून एक स्तोत्र वाचलं. त्यात भक्त रडत रडत देवालाच जाब विचारतो, पण देवाला सोडत नाही.

प्रकाशने मान वर केली. "देवासंग असं बोलता येते काय जी?"

"येतं. त्याच्याच वचनात आहे."

त्याने त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "थे पान दुमडून द्या. बायकोले वाचून दाखवतो. तिनं तं प्रार्थनाच सोडली."

ज्या ग्रंथाने आपल्या माणसांचा आक्रोश लपवला नाही, त्याच्या प्रत्येक अभिवचनावर मी जीव पणाला लावायला तयार आहे. आपला विश्वासू देव जाब विचारणाऱ्याला हाकलत नाही.

मग आपण रविवारी मंडळीच्या उपासनेत फक्त 'देवाने मला सोडवलं' अशा विजयाच्याच साक्षी का मागतो? प्रकाश येत्या रविवारी आला, तर त्याला रडू देणार ना?