छपरावरचे वाल

मला बसायला जागा मिळाली ती भांडारखोलीच्या दाराशी. तिथे विजेचा एकच प्लग होता आणि त्याला चहाची किटली लागलेली असायची. किटली लागली की माझा संगणक बंद. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी उठून उभी राहायचे, कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून. कुणाच्या आले नाही. मग घरून जोडवायर आणली. ती दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या टेबलाकडे गेली.

हे डोंगराकडच्या एका तालुक्याचे कार्यालय. कोणते ते लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जावे लागते. गावांचे नकाशे संगणकावर बसवायचे काम एका कंपनीने घेतले होते आणि कंपनीने मला पाठवले होते. ड्रोनने वरून काढलेली चित्रे यायची. त्यातली घरांची छपरे संगणक आपली आपण ओळखायचा आणि प्रत्येकाभोवती लाल चौकट काढायचा. मी ती रस्त्यांशी, शाळांशी, हातपंपांशी जुळवायची. नकाशा पक्का झाला की पाण्याची टाकी कुठे बांधायची, रस्ता कुठे न्यायचा, हे त्यावरून ठरणार होते. आजवर साहेब ते ठरवत. चौकटींवर राग काढता येत नाही, म्हणून तो माझ्यावर निघायचा.

मी लोणखेड्याची. घरी शेती, घरात अहिराणी, शाळा मात्र नर्सरीपासून इंग्रजी. त्यामुळे माझी मराठी धड्यातल्यासारखी येते आणि अहिराणी चारचौघांत घशाशी अडकते. मी गप्प बसते. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक गर्विष्ठ समजतात, आणि त्यांचा तो समज दूर करावा असे मला कधी वाटले नाही.

समोरच्या टेबलावर एक कारकून बसायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायचे.

"हाई आपलीच पोर शे भो, पन बोलाले लाजस. इंग्रजीमा हासस, इंग्रजीमा रडस."

सगळे हसायचे.

"मॅडम, हासा ना थोडं. नकाशामा हासनं बसत नही का?"

मी पडद्याकडे बघत राहायचे. त्यांच्या शर्टाचे एक बटण वेगळ्या रंगाचे होते आणि ते त्यांना माहीत होते. कुणी बोलायला जवळ आले की ते तिथे हात ठेवायचे. अशा गोष्टी मी बघून ठेवते. उपयोग काही करत नाही.

डोंगरातल्या एका पाड्याच्या चित्रात संगणकाने एकही चौकट काढली नाही. हिरवी वावरे, ओढा, झाडे. भाऊसाहेबांनी त्यापुढे 'वस्ती नाही' असे लिहून टाकले. वस्ती नाही म्हणजे टाकी नाही, नळ नाही. नळयोजनेच्या आराखड्यातून तो पाडा आपोआप गळाला.

मला पायवाटा खटकल्या. बारीक फिकट रेषा ओढ्यापासून वर चढत होत्या आणि वावरांतल्या गडद हिरव्या ठिपक्यांपाशी येऊन थांबत होत्या. वावराच्या मधोमध, तेही रोज, कोण कशाला चालत जाईल? चित्र मोठे केले तेव्हा एका ठिपक्याच्या कडेला सावली दिसली, सरळ रेषेत पडलेली. पिकाची सावली अशी पडत नाही. चित्रे पाऊस सरताना काढलेली होती. तेव्हा डोंगरात वाल, दुधी, गिलकी घरांवर चढवलेली असतात, कौल उघडे राहत नाही. संगणकाने सगळी घरे शेतात जमा केली होती.

साहेबांसमोर जाऊन उभी राहीपर्यंत दुपार झाली.

"सर, त्या पाड्यावर घरं आहेत."

"तुम्ही गेला होतात?"

"नाही. वेलांनी छपरं झाकलीत, पण सावली दिसते."

"सावली." ते भाऊसाहेबांकडे वळले. "ऐकलं का? मॅडमना सावल्या दिसायला लागल्या."

"मंग उतारा करना पडी," भाऊसाहेब म्हणाले.

हसून झाल्यावर साहेबांचा आवाज बदलला. "हे बघा, यंत्र तुमचं. ते घर नाही म्हणालं तर घर नाही. आता तुम्ही हाताने घरं काढणार? उद्या कुणीही येईल, म्हणेल, माझंही एक काढा. पुढच्या आठवड्यात ड्रोन शेजारच्या गावात येतोय. पाड्यावाल्यांना छपरांवरचे वेल उपटायला सांगा. घर दिसलं तर घेऊ. नाही दिसलं तर आराखडा आहे तसा जिल्ह्याला जाईल."

हाताने काढायचे नाही, हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून वर जाणाऱ्या जीपने गेले. जीप थांबली तिथून पुढे चढ होता. पाड्यावरची आशाताई, म्हणजे आरोग्याचे काम बघणारी तिथलीच सून, मला घ्यायला खाली आली होती. ती मराठी चांगली बोलायची. आम्ही चढत असताना ओढ्याकडून एक बाई आली, डोक्यावर हंड्यावर हंडा. आमच्याकडे न बघता पुढे निघून गेली. तिच्या पाठीवर पाणी सांडत होते. आशाताई म्हणाली, "उन्हाळ्यात ओढा आटतो. मग आणखी खाली, वाळूत खणलेल्या झिऱ्यावर."

पहिले घर त्याच बाईचे निघाले. छपरावर वाल पसरले होते, फुलांनी भरलेले. कौल खरोखरच दिसत नव्हते. मी साहेबांचा निरोप सांगितला आणि आशाताईने तो पाड्याच्या बोलीत, पावरीत सांगितला. बाईने हंडे उतरवले आणि शांतपणे बोलली. आशाताई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, साहेबाला सांग, आधी तुझं डोकं भादर, मग मी छप्पर भादरते." मग हसू आवरून, "पाणी येईल तेव्हा येईल म्हणते. वाल यंदा खायचेत. वाळवून उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे असतात, मॅडम. उपटायला कुणीच तयार होणार नाही इथे."

जीपमध्ये बसून मी दुसरा उपाय शोधून ठेवला होता. फोन हातात धरून घराला फेरी मारली की चाललेली वाट फोन नोंदवतो, आणि ती रेषा नकाशात घालता येते. हाताने काढलेली नाही, मोजलेली. मी तसे सांगितले आणि भिंतीच्या कडेने निघाले.

बाई आडवी आली. तिच्या हातात विळा होता. तिने तो उचलला नाही, पण खालीही ठेवला नाही.

"तुम्ही फिरायचं नाही म्हणते," आशाताई आता हसत नव्हती. "मागे मोजणीचे टेपवाले आले होते. असेच घराभोवती फिरले, भिंतीवर चुन्याची खूण केली. नंतर सांगायला लागले, ही जागा तुमची नाही. तेव्हापासून परक्या माणसाला कुणी घराला फेरी मारू देत नाही."

दार लावून घेतलेली दोन घरे तिथूनच दिसत होती. एक कुत्रे माझ्यावर सारखे भुंकत होते आणि त्याला कुणी हाकलत नव्हते. मी टेपवाल्यांची नाही, हे मला सांगता आले असते. पण ते खरे आहे का, हे मला माहीत नव्हते. मी फोन पुढे केला.

"तुम्हीच फिरा."

तिने ओला हात लुगड्याला पुसला, फोन घेतला आणि निघाली. भिंतीला धरून नाही. वेलांना टेकू दिलेल्या खांबांच्या बाहेरून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, हंडे ठेवायच्या दगडापलीकडून ती आली. पडद्यावर रेषा उमटली होती, एका बाजूला पोट सुटलेली.

मग शेजारीण आली. बंद दारे उघडली. फोन पाड्यावर हातोहात फिरला, प्रत्येकाने आपापल्या घराला फेरी मारली. एक म्हातारा बकरी सोडवायला मध्येच दूर गेला तेव्हा आशाताई ओरडली, "बाबा, बकरीचं पण घर निघालं!" त्याला पुन्हा फिरवले. मला कुणी बस म्हटले नाही. पाणी मी मागितले नाही. ते कुठून येते ते बघितले होते.

निघताना फोन माझ्या हातात देऊन त्या बाईने आशाताईकरवी एकच विचारले: आता खूण करायला येशील का?

"नाही."

"बघू," ती म्हणाली. एवढी मराठी तिला येत होती.

कार्यालयात साहेबांनी पडद्याकडे बघितले. "ही घरं आहेत का भाकरी?"

"भाकर बी नही," भाऊसाहेब बटणावर हात ठेवून वाकले. "पापड शे, चुल्हावरना."

"सरळ करा. घराला चार कोपरे असतात."

"नाही," मी म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण पुढचे वाक्य तयार होते. "तुम्हीच म्हणालात सर, हाताने काढायचं नाही. ही चाललेली रेषा आहे. सरळ केली तर ती हाताने काढलेली होईल."

किटली प्लगमधून काढून ठेवलेली होती. ती पुन्हा लावायला कुणी उठले नाही. साहेबांनी माझ्याकडे न बघता मंजुरी दिली आणि आराखडा पाड्यासकट जिल्ह्याला गेला. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची जागेवर नव्हती. पुढे बरेच दिवस मी कागदाच्या खोक्यावर बसून काम केले.

आता पाइप वर जाऊन पडले आहेत. चर खणायचे काम सुरू आहे. परवा आशाताईचा फोन आला. मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होते.

"मॅडम, ती विचारतेय, तिचा नळ कोणत्या बाजूला? वेलाकडून खणलं तर खणणाऱ्याचे हात तोडीन म्हणतेय."

मी नकाशा उघडला. रस्त्याला जवळची बाजू बघून संगणकाने नळाचा ठिपका नेमका वेलांच्या खांबांत टाकला होता. मी तो उचलून खुराड्याच्या बाजूला नेला आणि जतन केले. त्याला कुणाची परवानगी लागते, हे विचारायला गेले नाही.

"कोंबड्यांकडून येईल, म्हणून सांगा."

पलीकडे पावरीत काही बोलणे झाले.

"काय म्हणतात?"

"म्हणते, बघू."