कोपऱ्यातल्या दोन नळ्या

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बरं झाल्याची साक्ष नुसत्या तोंडानं देता येत नाही. रिपोर्ट लागतो. पाळकांनी हा नियम केला तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या होत्या. वडवणीच्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त तपासते. रविवारी कुणीतरी उठून मुतखडा विरघळल्याचं सांगायला लागलं की माझं डोकं फिरायचं. लहानपणी रविवारच्या शाळेतल्या बाई मला येशूच्या शंकेखोर शिष्याची बहीण म्हणायच्या, आणि मला त्याचं काही वाईट वाटायचं नाही. कागद दाखवा म्हटल्यावर साक्षी निम्म्यावर आल्या.

आईला बऱ्याच वर्षांपासून साखर. गोळ्यांना ती इतकी कंटाळली होती की अधूनमधून चुकवायची आणि मी विचारलं की घेतली म्हणायची. यंदा तिनं एकवीस दिवसांची प्रार्थना धरली. सोबतीला शेजारची मावशी घेतली. मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातली, आमच्या धर्माची नाही, पण तिलाही साखर आणि आईवर तिचा जीव. रोज सकाळी दोघी आमच्या ओट्यावर डोळे मिटून बसायच्या.

एकवीस दिवस संपले तशा दोघी उपाशीपोटी लॅबमध्ये आल्या. नेमका बाजाराचा दिवस, दारात ही गर्दी. मी दोघींचं रक्त काढलं आणि नळ्या स्टँडच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी उभ्या केल्या. परक्या माणसाच्या नळीवर मी नाव, वय, वेळ सगळं लिहून चिकटवते. घरच्यांना कशाला चिठ्ठी? डावीकडची आईची, उजवीकडची मावशीची, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मधे दोनदा स्टँड उचलून, फिरवून इकडचं तिकडं ठेवलं, त्याचं भान मला राहिलं नाही.

आईची साखर आली ब्याण्णव. दोनशेच्या खाली कधी न उतरलेली बाई! मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले आणि रडले. कित्येक वर्षांनी देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. आकडा संशयाचा वाटला तर नमुना पुन्हा तपासायला लावायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. नळीत रक्त शिल्लक होतं. मी लावला नाही.

मावशीची आली तीनशे दहा.

आईनं त्याच दिवशी गोळ्यांचं पाकीट फळीवर मागे सरकवलं. मावशीला वाचता येत नव्हतं, तरी ती आपला कागद उलटसुलट करून बघत राहिली. म्हणाली, "मी परकी. तुमचा देव माझं कावून ऐकल?" आईनं तिचा हात धरला. तो कागद बघून डॉक्टरांनी मावशीच्या गोळ्या दुप्पट केल्या.

शनिवारी दुपारी मावशी मेंढरांमागे चालता चालता कोसळली. तिच्या नवऱ्याचा फोन आला तशी मी साखर मोजायचं छोटं मशीन घेऊन धावले. मावशी बांधावर बसलेली, घामानं निथळत, बोलणं जड झालेलं. बोट टोचलं तर अठ्ठेचाळीस. साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. ती दहा मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. मग तिनं डोळे नीट उघडले आणि विचारलं, "मेंढरं कुठं हायती?"

मी हसले नाही. तीनशे दहाची बाई चार दिवसांत इतकी खाली येते कशी? प्रश्न बांधावरच पडला आणि उत्तरही तिथंच मिळालं. डॉक्टरांना फोन करून सगळं कबूल केलं. ते जे बोलले ते ऐकून घेण्याचीच माझी लायकी होती.

घरी आले तर आई उद्याची साक्ष पाठ करत होती. रिपोर्ट बायबलमध्ये घडी करून ठेवलेला.

"आई, बोट दे."

"आता कावून? झाली की तपासनी."

"दे म्हणते ना!" मी ओरडलेच.

तीनशे बत्तीस.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी न लावल्याचं, नळ्यांची अदलाबदल झाल्याचं, मावशी मरता मरता वाचल्याचं. शेवटी हेही सांगितलं की नमुना दुसऱ्यांदा लावता आला असता.

"मंग लावला कावून न्हाईस?"

"भीती वाटली. आकडा बदलला असता तर?"

आईनं पदर डोक्यावर घेतला आणि मावशीकडे निघून गेली. परत आली ती थेट भाकरी थापायला बसली. गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच होतं. माझ्यामुळं तिचा देव गेला तर, ही एक भीती. तिनं तोच कागद धरून साक्ष दिली तर, ही दुसरी. आमच्या सभेत साखरेचे पाच-सहा जण तरी बसतात, आणि आईचा शब्द सगळे मानतात. माझा राग कुणावर होता तेच कळेना.

रविवारी पत्र्याच्या खोलीत मी दाराजवळ बसले. पर्समध्ये मशीन होतं. आईनं कागद वाचायला घेतला की उठायचं आणि सगळ्यांसमोर तिला खोटं पाडायचं, असं ठरवलं होतं. पाळकांनी नाव घेतलं. आई उठली आणि शेजारी बसलेल्या मावशीलाही हाताला धरून उठवलं.

तिनं कागद उघडला. मी अर्धी उठले.

"कागद हाय," आई म्हणाली, "पन ह्यो माझा न्हाई." तिनं तो मावशीच्या हातात दिला. "हिचा हाय. ही म्हनली, परकीचं देव ऐकत न्हाई. तिचं बी ऐकलं. ती गोळी चुकवत न्हाई, मी चुकवत व्हते. माझी साखर लई चढलीय."

पाळक चाचरत म्हणाले, "मग बाई, ही साक्ष कशाची?"

"खरं हाय त्याची," आई म्हणाली. कमरेच्या पिशवीतून तिनं पाकीट काढलं. घरातून निघताना ते फळीवरून कधी उचललं कुणास ठाऊक. गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली आणि खाली बसली. मावशी कागद छातीशी धरून रडत होती.

सोमवारी आई पुन्हा उपाशीपोटी लॅबमध्ये आली. रक्त काढून मी नळी स्टँडमध्ये ठेवायला गेले.

"आधी नाव लिही."

मी लिहिलं. आईचं पूर्ण नाव नळीवर मी पहिल्यांदाच लिहीत होते. साखर दोनशे ऐंशीच्या पुढे आली. मी वहीत टिपायला लागले तशी ती म्हणाली, "दुसऱ्यांदा लाव."

"तेच येईल, आई."

"यिऊ दी. दुसऱ्यांदा बघितल्यानं मोडल, असा न्हाई माझा देव. भ्याली तू व्हतीस, पोरी. त्यो न्हाई."

मी नळी पुन्हा हातात घेतली, नाव वाचलं आणि नमुना लावला.