ठेल्यावरचा डॉक्टर

आर्णीच्या स्टँडजवळ त्याचा फळांचा ठेला आहे. साथीच्या तापानं लोकांचे सांधे सुजले, ऐन वेचणीत कापूस धरायला बोटं वळेनात, तेव्हापासून तो डॉक्टर झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरला नाडी तरी पाहावी लागते. याला नुसती पिशवी पाहून रोग कळायचा. सुजीला पपई, अशक्तपणाला पेरू, आणि पिशवी मोठी असली तर अननससुद्धा.

माझ्या सासूबाईंनी मी नेलेली पपई खाल्ली नाही. तापात फळ थंड पडतं म्हणून फोडी गुडघ्यावर बांधल्या. मी लाजत त्याला ते सांगितलं, तर तो हसलासुद्धा नाही.

"मंग एका पपईत कसं होईन वो बाई? दुसरा गुडघा उपाशीच राह्यला न!"

दुसरी पपई मी मुकाट्यानं घेतली.

पुढच्या बाजारी तापलेली पोरगी कडेवर घेऊन मी गेले. त्यानं पपई तराजूत टाकली आणि पोरीकडं पाहिलं. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यानं पपई काढून घेतली.

"हे फळाचं काम नाही. दवाखान्यात चाल."

"घरी इचारून येतो, भाऊ."

"घरचे काय डॉक्टर हायेत?" असं तो, खुद्द तो, मला म्हणाला.

ठेला उघडा टाकून तो पुढं चालू लागला. दवाखान्यात डॉक्टरसमोर माझं तोंड उघडेना, तेव्हा रक्ताचं त्यानंच सांगितलं. पोरगी वाचली. सलाइन लागेपर्यंत तो दाराशी उभा होता. भोवती इतके तापकरी बसले होते, पण त्यानं एकालाही फळ सांगितलं नाही.