शेळ्या आडव्या आल्या तेव्हाचा आलेख

आमच्या गावाकडून नेरला अकरावी सायन्सला जाणाऱ्या आम्ही दोघीच पोरी. मी, आणि पुढच्या फाट्यावर बसमध्ये चढणारी माझी मैत्रीण. "ती सोबत हाये म्हणून तुले पाठवून राह्यलो," असं बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि त्या सकाळी ही बया चढली ती जाहीर करतच, "मी आर्ट्सले चालली, घराजवळच्या कॉलेजात. आजच सरले सांगतो."

तिचं सायन्स सुटलं की माझंही सुटलंच! आणि कारण काय, तर चाचणीतला वेगाचा आलेख. बसचा वेग दाखवणारी रेघ आधी वर चढते, मग आडवी जाते, मग खाली येते. हिनं लिहिलं होतं, बस निघाली, मधात थांबली, वापस घरी आली. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि सगळे फिदीफिदी हसले.

"रेघ खाली आली म्हणजे बस वापसच आली ना? काहून चुकलं, सांग!" ती माझ्यावरच उखडली. मी तरी काय सांगणार, कप्पाळ! मी सगळं घोकूनच पास झालेली.

तेवढ्यात शेळ्या आडव्या आल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि आम्ही दोघी समोरच्या दांडीवर आदळलो.

"माय वं, नाक गेलं माहं!"

"नाक जाऊ दे!" मला एकदम तो आलेख आठवला. "बसचा वेग कमी झाला का नाही?"

"झाला ना."

"मंग आपण वापस गेलो का?"

ती नाक चोळायची थांबली. "नाही... नेरकडंच सरकलो. अन् वेग शून्य झाला तरी घरी कुठं पोचलो? इथंच हावो, शेळ्यांत!"

बस निघाली, आम्ही मागं रेललो. मग सपाट रस्त्यावर बस एका वेगानं पळायला लागली. "आता पाह्य, धक्काच नाही! वेगाची रेघ आडवी, पण बस पळूनच राह्यली!" तिनं धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं त्वरणाचा, म्हणजे वेग कसा बदलतो त्याचा, आलेख काढला. निघताना रेघ वर, आता शून्यावर, ब्रेक लागला की शून्याच्याही खाली. बाप्पा! दोन महिने घोकलेलं मला त्या काचेवर पहिल्यांदा दिसलं. मी आनंदानं किंचाळलेच. कंडक्टर खेकसला, पण कोण ऐकतं!

कॉलेजात ती तडक सरांकडे गेली. आर्ट्सचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी दाराशीच थांबले.

"सर," ती म्हणाली, "आज तो आलेख फळ्यावर मी काढू का?"