शमीम आपांचा उलटा ब्लाऊज

शमीम आपा कापडाला कात्री लावण्याआधी ते गालावर फिरवून बघायच्या. डोळे मिटून, जणू तान्ह्या बाळाचा पापा घेतायत. "काटता नहीं," म्हणजे टोचत नाही, असं म्हणाल्या की कापड पास.

हैदराबादेत हिमायतनगरच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं शिलाईचं दुकान होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यांच्या दाराच्या चौकटीवर पाठ घासत उभी होते. आतून आवाज आला, "क्या बाई, भैंस के जैसा मेरा दरवाजा घिसरे?" मी तेव्हा पंचेचाळिशीची, शाळेची मुख्याध्यापिका, अख्खी शाळा मला टरकून असायची. आणि इथे उंबऱ्यावरच म्हैस ठरले!

माझं पित्त जुनं. केव्हाही अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. दोन दिवस बरं वाटलं की मी ती बंद करायची. वांगी सोडली, शेंगदाणे सोडले, खाजवणं तेवढं सोडलं नाही. आपा विचारायच्या, "गोली खाए?" मी "हो हो" म्हणायची. त्या माझ्या नखांकडे बघायच्या. "खुजाना नक्को बाई. गीला कपडा रखो, थपको."

मग आमच्या मंजिरीचं लग्न ठरलं. विहीणबाई नांदेडच्या. नजर अशी, की साडीचा फॉल कुठे उसवलाय ते लांबून सांगतील. त्यांना माझ्या गांधी दिसल्या तर? पोरीला जन्मभर टोमणे, "तुमच्या घराण्यातच आहे!" म्हणून मी अवाक्षर काढलं नाही. त्या स्वतः बोलणीला भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालून आल्या होत्या. मी मनात म्हटलं, केवढा हा तोरा!

तोरा मलाही होताच. जरीचा कडक ब्लाऊज हवा होता, तोही बिनअस्तराचा, कारण अस्तराने मी जाड दिसते! (अस्तराने.) आपांनी कापड गालाला लावलं आणि "हाय अल्ला" म्हणत झटकलं. मी हट्टाने शिवून घेतला.

लग्नाच्या सकाळी गोळी राहिली बाजूला, मी माहेरचा उपाय केला. अंगाला आमसुलाचं पाणी चोपडलं आणि वर घोंगडी पांघरून बसले. हैदराबादच्या उन्हाळ्यात! नव्हत्या त्या गांधीही उठल्या. वर तो जरीचा ब्लाऊज. मंगलाष्टकं चालू होती आणि लोक अक्षता पुढे टाकत असताना माझा हात मात्र मागे पाठीवर.

लग्नाला आलेल्या आपांनी मला ओढत खोलीत नेलं. पिशवीतून एक मऊ सुती ब्लाऊज काढला, शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला. "मालूम था मेरेकू." गोळी हातावर ठेवली, ओल्या पंचाने पाठ थोपटली.

बाहेर आले तर समोर विहीणबाई. "अहो, ब्लाऊज उलटा घातलाय तुम्ही!"

मी पदर पाठीवरून ओढून घेतला. आपा सरळ बोलून मोकळ्या, "उल्टा नहीं बाई. इनकू पित्ती उठती, सिलाई चुभती."

झालं! मोडलं पोरीचं नशीब, असं मला वाटलं. विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आपांना खांबाआड नेलं आणि हळूच एक बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक गांधी. "मला दोन शिवून द्याल? अगदी अस्सेच. पण यांना सांगू नका."

"यांना" म्हणजे मला. मी खांबाच्या दुसऱ्या बाजूलाच होते.

आपा मागच्या हिवाळ्यात वारल्या. मी आता गोळी रोज घेते आणि दुकानात कापड गालाला लावून बघते, सेल्समन घाबरतात. कुठल्याही कार्यात मी आणि विहीणबाई शेजारी बसतो, उलटे ब्लाऊज घालून, एकमेकींची पाठ थोपटत. लोक म्हणतात, विहिणी-विहिणींत केवढं हे प्रेम!