गुलाबी पुंगळ्या

मोंटानात राहणाऱ्या ऑरव्हिलकडे त्याच्या आजोबांची रायफल होती; तिची काडतुसं आता कुठेच मिळत नसत. म्हणून झाडलेल्या पितळी पुंगळ्या तो अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात, फिरत्या पिंपात तासन्‌तास घोळवून लख्ख करी आणि पुन्हा दारूगोळा भरून वापरी. शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तशी त्या खडखडाटाला विटलेल्या व्हर्नाने, त्याच्या बायकोने, पुंगळ्या झटपट लख्ख व्हाव्यात म्हणून गुपचूप व्हिनेगरमध्ये बुडवल्या आणि काकड्यांचं लोणचं घालताना ती त्या विसरून गेली. संध्याकाळी त्या गुलाबी निघाल्या.

"अगं, पितळेतलं जस्तच खाल्लं गेलं! आता बार भरला तर थोबाडावर फुटतील."

"म्हणजे यंदा हरीण नाही?"

"पिंपाच्या तळाशी चार राहिल्यात तेवढ्या."

"मग नेम नीट धर, म्हाताऱ्या," म्हणत व्हर्नाने स्वतःच पिंपाचं बटण दाबलं.